कूलर लावला की उठणारा वास: कुत्र्या-मांजरांचे डाग मुळातून कसे काढायचे

एप्रिलमध्ये कूलर पहिल्यांदा सुरू होतो आणि तासाभरात दिवाणाच्या बाजूने भपकारा येतो. मार्चपर्यंत तिथे काहीच नव्हतं. मग मृगाच्या पहिल्या सरीला पुन्हा तेच. घरातले म्हणतात, मांजराने आज केलं असेल. बहुतेक वेळा आजचं नसतं, दिवाळीतलं असतं.

कारण साधं आहे. लघवीतलं पाणी उडून जातं, पण युरिया, क्षार, क्रिएटिनीन आणि थोडं युरिक ॲसिड फरशीच्या सांध्यात, गादीच्या फोममध्ये, प्लायवुडच्या कडेत सुकून बसतं. कोरड्या हवेत ते गप्प असतं. हवेत ओल आली की हे क्षार ती ओढून घेतात, तिथले जिवाणू युरिया फोडून अमोनिया काढतात आणि वास मोकळा होतो. मांजराच्या लघवीत याशिवाय गंधकाची संयुगं असतात. बोक्याचा तो डोळ्यांत जाणारा दर्प त्यांचाच.

नागपुरात ही ओल वर्षातून दोनदा येते, आणि लोक फक्त पावसाळाच मोजतात. मे महिन्यात दुपारी बाहेरची हवा इतकी कोरडी असते की टॉवेल अर्ध्या तासात वाळतो. पण कूलर लावलेल्या बंद खोलीत आर्द्रता सहज ६०-७० टक्क्यांवर जाते. म्हणून या गावात साफसफाईची कसोटी एकच: डाग ओला करून पाहिला तरी वास आला नाही पाहिजे. कोरड्यात वास गेला याला काही अर्थ नाही.

काय आणायचं, काय मुळीच आणायचं नाही

मुख्य औषध म्हणजे एन्झाइमचं द्रावण, म्हणजे लघवीतली वास देणारी द्रव्यं फोडणारं. पाळीव प्राण्यांच्या दुकानात आणि ऑनलाइन मिळतं. लेबलवर एन्झाइम किंवा बॅसिलस जिवाणूंचा उल्लेख आहे का ते बघा. नुसतं "ओडर रिमूव्हर" लिहिलं असेल तर आत बऱ्याचदा अत्तर आणि साबण एवढंच असतं. त्याने वासावर वास चढतो, दुसरं काही नाही.

त्याच्या जोडीला हे लागेल:

- पांढरं व्हिनेगर (५ टक्क्यांचं), किंवा १ लिटर पाण्यात ५० ग्रॅम लिंबूसत्त्व. दुसरं स्वस्त पडतं, किराणा दुकानात मिळतं आणि खोलीभर लोणच्याचा वास राहत नाही.
- मेडिकलमधलं हायड्रोजन पेरॉक्साइड. आपल्याकडे ते बहुधा ६ टक्क्यांचं मिळतं. कापडावर वापरताना तेवढंच पाणी घालून ३ टक्के करा.
- खायचा सोडा. धुण्याचा सोडा नव्हे, तो बराच तीव्र असतो.
- जुन्या धोतराचे किंवा चादरीचे पांढरे तुकडे. रंगीत फडक्याचा रंग गादीला लागतो.
- रबरी हातमोजे, खडू, प्लास्टिकचा कागद.

फिनाइल आणू नका. हे वाक्य नागपूरच्या निम्म्या घरांना पटणार नाही, पण काळं फिनाइल मांजराला विषारी असतं. फिनॉलसारखी द्रव्यं शरीराबाहेर टाकायला यकृतात जी यंत्रणा लागते, ती मांजरात फार कमजोर असते. पाइन तेल असलेलं पांढरं फिनाइलही त्याच कारणाने टाळा. मांजर फरशीवरून चालतं, मग पंजे चाटतं. कोपऱ्यात डांबरगोळ्या टाकणं हाही तसलाच उद्योग.

ब्लीचिंग पावडर तर त्याहून वाईट. लघवीतल्या अमोनियाशी तिचा संयोग झाला की क्लोरामाइन वायू तयार होतो. डोळे चुरचुरतात, खोकला लागतो. त्यात कुणी संडास साफ करायचं ॲसिड मिसळलं की क्लोरीन निघतो. पाण्याच्या टाकीसाठी आणलेली पावडर टाकीपुरतीच ठेवा.

डाग शोधणं

नाकावर विसंबणं चुकीचं, कारण घरातल्या माणसाचं नाक मरतं. ३६५ नॅनोमीटरचा यूव्ही टॉर्च घ्या. ३९५ वाला स्वस्त असतो, पण त्याचा स्वतःचाच जांभळा उजेड इतका पडतो की फिका डाग दिसत नाही. रात्री दिवे बंद करून, जमिनीपासून फूटभर अंतरावर टॉर्च धरून हळू फिरा. जुनी लघवी पिवळसर-हिरवट चमकते. डिटर्जंटचे थेंब मात्र निळसर-पांढरे चमकतात, त्यांना फसू नका. प्रत्येक डागाभोवती खडूने रेघ ओढा, कारण दिवा लावला की जागा हरवते.

फरशीच बघू नका. बोका आणि नर कुत्रा उभ्या पृष्ठभागावर करतात. दाराच्या चौकटीचे पाय, पडद्यांची खालची कड, सोफ्याची मागची बाजू, फ्रिजची बाजू, कूलरचं लोखंडी स्टँड हे सगळं जमिनीपासून साधारण दोन फुटांपर्यंत तपासा. उभ्या डागातून ओघळ खाली उतरलेला दिसेल. तो जिथे संपतो तिथे, म्हणजे स्कर्टिंगच्या फटीत, खरा साठा असतो.

ताजा डाग

पहिली दहा मिनिटं सगळ्यात मोलाची. पोछा फिरवू नका, त्याने कपभर लघवी खोलीभर पसरते. कापडाची चौपदरी घडी डागावर ठेवा आणि कापड, गादी, सतरंजी असेल तर वर उभे राहून अर्धा मिनिट दाबा. कापड बदला, पुन्हा दाबा, कोरडं निघेपर्यंत. मग साधं गार पाणी थोडं ओता आणि पुन्हा टिपा. गरम पाणी नको. शी, उलटी आणि रक्तातली प्रथिनं गरमाने धाग्याला चिकटून बसतात. त्यानंतर एन्झाइम.

उलटी किंवा शी असेल तर आधी जुन्या पोस्टकार्डासारख्या कडक पुठ्ठ्याने उचलायची, घासायची नाही. पातळ असेल तर वर खायचा सोडा टाकून पाच मिनिटं थांबा, गोळा होते. रंगीत कोरड्या खाद्याचा लालसर डाग राहिला तर ३ टक्के पेरॉक्साइडचा बोळा दहा मिनिटं ठेवा. आधी कापडाच्या आतल्या बाजूला करून बघा, रंग उडू शकतो.

एन्झाइम का "चालत नाही"

जवळजवळ सगळ्या तक्रारींचं मूळ तीन गोष्टींत सापडतं.

एक, मात्रा. मांजर एका वेळी साधारण ३०-५० मिली करतं, मोठा कुत्रा कपभर किंवा जास्त. फोममध्ये ती वर तळहाताएवढी दिसते आणि खाली थाळीएवढी पसरलेली असते. वरून चार फवारे मारले तर औषध लघवीपर्यंत पोचतच नाही. जेवढी लघवी, त्याच्या दीडपट द्रावण, आणि दिसणाऱ्या कडेच्या बाहेर चार बोटांपर्यंत.

दोन, वेळ. एन्झाइम ओल्यातच काम करतं. इथे लोक द्रावण ओततात आणि लगेच पंखा पाचवर, किंवा कूलरचा झोत त्याच्यावर. अर्ध्या तासात सुकलं की काम थांबलं. द्रावण ओतल्यावर वर प्लास्टिक टाका, कडा विटेने किंवा वरवंट्याने दाबा, त्या खोलीतला पंखा बंद ठेवा आणि रात्रभर, म्हणजे ८ ते १२ तास, हात लावू नका. सकाळी प्लास्टिक उचललं की वास आधीपेक्षा वाढलेला वाटेल. घाबरू नका, युरिया फुटून अमोनिया निघतोय. आता प्लास्टिक काढून वाळवा.

तीन, आधी टाकलेली रसायनं. फिनाइल, ब्लीच, डेटॉलसारखी जंतुनाशकं जिथे रोज पडली आहेत तिथे जिवाणू जगत नाहीत. अशा जागी आधी दोनदा साध्या पाण्याने धुऊन टिपा, एक दिवस जाऊ द्या, मग एन्झाइम. व्हिनेगर वापरलं असेल तरी तेच. पेरॉक्साइड वापरायचं असेल तर ते सगळ्यात शेवटी, आणि व्हिनेगरसोबत एका बाटलीत कधीच नाही.

फरशी: आधी दगड ओळखा

इंटरनेटवरचा प्रत्येक उपाय व्हिनेगरपासून सुरू होतो. महाल-इतवारीकडच्या जुन्या घरांतली शहाबादी, कित्येक जिन्यांवरचा कोटा, देवघरातला संगमरवर आणि साठ-सत्तरच्या दशकातल्या घरांतल्या मोझेक टाइल्स या सगळ्यांत चुना आहे. व्हिनेगर, लिंबू, लिंबूसत्त्व, बाथरूमचं ॲसिड, काहीही आंबट पडलं की दगड खाल्ला जातो. पॉलिश जाऊन खरखरीत पांढरा डाग पडतो आणि त्या खरखरीत जागेत पुढची लघवी आणखी खोल मुरते. शंका असेल तर कोपऱ्यात व्हिनेगरचा एक थेंब टाका. बारीक बुडबुडे आले की आंबट बंद. संगमरवरावर ते बहुधा येतील.

अशा दगडावर क्रम असा. भांड्यांच्या साबणाच्या दोन-चार थेंबांनी आणि पाण्याने धुऊन टिपा. एन्झाइम ओता, प्लास्टिक, रात्रभर. वाळू द्या. पिवळा डाग उरलाच तर लेप लावा: शंखजिऱ्याची पूड ६ टक्के पेरॉक्साइडमध्ये कालवून दह्याच्या चक्क्याइतकी घट्ट करायची, डागावर अर्धा सेंटिमीटर जाड थापायची, वर प्लास्टिक लावून २४ तास ठेवायची. मग प्लास्टिक काढून लेप पूर्ण वाळू द्या. वाळताना तो दगडातला डाग वर ओढून घेतो. प्लास्टिकच्या पट्टीने खरवडा, धुवा. गरज पडली तर पुन्हा. काळ्या किंवा हिरव्या दगडावर पेरॉक्साइड रंग फिका करतं, म्हणून आधी सोफ्याखालच्या जागेत करून बघा.

व्हिट्रिफाइड टाइल्सचं तसं नाही. टाइल काही पीत नाही, सांधे पितात. पांढऱ्या सिमेंटचे सांधे पिवळे पडून वास मारत असतील तर एन्झाइमच्या दोन फेऱ्या करून बघा. तरी ओल्या फडक्याला वास येत असेल तर औषधावर पैसे घालवू नका. गवंड्याकडून सांधे ३-४ मिलिमीटर खोल खरवडून एपॉक्सी ग्राउट भरून घ्या. तेवढ्या कोपऱ्यापुरतं केलं तरी चालतं.

गादी

इथे ऋतू सगळं ठरवतो. चार इंची फोमची गादी नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या नऊ कडक दिवसांत, गच्चीवर एका दिवसात आतून वाळते. जुलैमध्ये तीच गादी घरात तीन दिवस ओली राहते, आणि ओला फोम एक-दोन दिवसांत कुबटतो, बुरशी धरतो. लघवीचा वास काढायला जाऊन बुरशीचा विकत घेतला, असं होतं. म्हणून गादीचं खोल काम मेमध्ये किंवा ऑक्टोबर हीटमध्ये काढा. पावसाळ्यात फक्त ताजा डाग टिपून, मोजकं द्रावण आणि पंखा.

फोमच्या गादीची पद्धत: खोळ काढून वेगळी धुवा. शेवटच्या पाण्यात वाटीभर व्हिनेगर. डागावर एन्झाइम दीडपट मात्रेने, हळूहळू, हाताने दाबत मुरवा. प्लास्टिकखाली रात्रभर. सकाळी टॉवेल ठेवून उभं राहून पिळून काढा. मग गादी आडवी नाही, कडेवर उभी करून टेकवा, म्हणजे उरलेलं पाणी खाली उतरतं आणि दोन्ही बाजूंनी हवा लागते. सकाळचं ऊन द्या. दिवसामागून दिवस मेच्या उन्हात ठेवलेला फोम मात्र पिवळा पडून भुगा होऊ लागतो. पूर्ण वाळल्यावर पिवळा डाग राहिला तर: २५० मिली ३ टक्के पेरॉक्साइड, १ मोठा चमचा खायचा सोडा, भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब. लगेच फवारा, अर्ध्या तासाने टिपा. उरलेलं फेकून द्या. झाकण घट्ट लावून ठेवलंत तर वायूच्या दाबाने बाटली फुटते.

कापसाच्या गादीवर यातलं काहीच करू नका. कापूस पाणी धरतो आणि आतून गोळे होतो. खोळ उसवा, डाग लागलेला कापूस चार बोटं जास्तीचा काढून टाका, खोळ धुवा आणि पिंजाऱ्याकडून तेवढा नवा कापूस घालून घ्या. औषधापेक्षा स्वस्त आणि कायमचं. नागपुरात तरी कापसाला तोटा नाही.

दिवाण, चौकट, भिंत

प्लायवुडला वरून सनमायका असतो, पण खालची कड उघडी असते. लघवी तिथून वर चढते. कड फुगून पदर सुटले असतील तर ती पट्टी बदलायची, दुसरा इलाज नाही. फुगली नसेल तर एन्झाइम बोळ्याने लावा (ओतू नका), टिपा, किमान आठवडाभर वाळू द्या. मग चपडा लाख: १ लिटर स्पिरिटमध्ये १२५ ग्रॅम, रात्रभर भिजवून, गाळून, दोन हात, मध्ये दोन तास सोडून. लाखेचा पापुद्रा उरलेला वास आतच कोंडून ठेवतो. काम दारं-खिडक्या उघडून करा, गॅस पेटलेला नको. सागवानी चौकटीलाही हेच. पुढे ती जागा सोड्याच्या किंवा अमोनियाच्या पाण्याने पुसू नका, लाख अल्कलीत विरघळते.

त्याच कारणाने भिंतीवर लाख चालत नाही, सिमेंटचा आणि चुन्याचा क्षार तिला खातो. भिंतीवर पांढरी पूड, म्हणजे लोणा, आला असेल तर आधी कोरड्या ब्रशने झाडून सुपलीत गोळा करा. ओलं फडकं लावलं की तो पुन्हा आत शिरतो. मग एन्झाइमच्या दोन फेऱ्या. वास राहिला तर डागापेक्षा वीतभर जास्त भागातली पुट्टी खरवडून काढा, प्लास्टर दोन आठवडे उघडं ठेवा, मग सिमेंट प्राइमर, पुट्टी, धुता येणारा रंग. साधं डिस्टेंपर पुन्हा मारू नका. पावसाळ्यात हे काम हाती घेतलं तर प्लास्टर वाळणारच नाही.

कूलर स्वतः

सगळं धुऊनही खोलीत वास असेल तर बाहेर जाऊन बघा. कूलर खिडकीबाहेरची हवा ओढतो. कुत्रा स्टँडच्या पायाशी करत असेल, किंवा गल्लीतला बोका मागच्या ताटीवर फवारत असेल, तर तो वास पंख्याच्या जोराने घरभर जातो. ताटीतलं गवत किंवा वाळा धुऊन सुधारत नाही, बदला. टाकी रिकामी करून घासा, पाणी दोन-तीन दिवसांनी बदला, ते डासांसाठीही हवंच. स्टँडभोवती दोन फुटांची जाळी लावा. आणि कूलर चालू असताना समोरची खिडकी उघडी हवी. हवेला बाहेर जायला वाट नसली की खोली दमट होते, गारवाही येत नाही. पाऊस सुरू झाला की पंप बंद.

पावसाळ्यासाठी दोन-तीनशे रुपयांचं आर्द्रतामापक भिंतीला लावा. काटा ६० टक्क्यांवर गेला की एसी असेल तर ड्राय मोड, नसेल तर एक्झॉस्ट आणि पंखा. बाहेर पाऊस पडत असताना खिडक्या उघडून "हवा खेळती" ठेवली की उलट ओल आत येते. उघडीप मिळाली की उघडा.

ओली परीक्षा

काम झाल्यावर चार दिवस पूर्ण वाळू द्या. मग साध्या पाण्याचा फवारा डागाच्या जागेवर मारा, वर वाटी पालथी घाला, दोन तासांनी वाटी उचलून लगेच वास घ्या. शक्यतो घराबाहेरच्या माणसाला घ्यायला लावा. वास आला तर एन्झाइमची आणखी एक फेरी. जुन्या डागाला दोन-तीन फेऱ्या लागतात, त्यात काही चुकलेलं नसतं. कुत्र्याला किंवा मांजराला मात्र या परीक्षेत घेऊ नका. त्यांना आपल्याला न येणारा वास येतो आणि जागा ओळखून ते पुन्हा तिथेच करतात. म्हणून पास झालेल्या जागेवरही काही आठवडे जेवणाची वाटी किंवा अंथरूण ठेवा. जिथे खातात-झोपतात तिथे ते सहसा करत नाहीत.

पावसाळ्यात हातमोजे सोडू नका. लेप्टोस्पायरोसिस लघवीतूनच पसरतो आणि हाताला चीर असली तर पुरते. गरोदर बाईने मांजराची शौचाची पेटी साफ करू नये. पेट्या मांजरं जितकी त्याहून एक जास्त, आणि रोज उपसायच्या. दमट दिवसांत पेटीतली बेंटोनाइटची (मातीची) वाळू हवेतली ओल पिऊन लवकर लगदा होते, तेव्हा थर पातळ ठेवून लवकर बदला.

घरात कधीच न करणारा प्राणी अचानक करू लागला तर टॉर्च-औषधाआधी डॉक्टर. मूत्रमार्गाचा संसर्ग, मधुमेह, मूत्रपिंडाचा आजार असं काहीही असू शकतं. सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात किंवा जवळच्या दवाखान्यात लघवी तपासून घ्या. नमुना फरशीवरून सिरिंजने उचलता येतो, फक्त त्याआधी तिथे काही फवारू नका. फवारणाऱ्या बोक्याची नसबंदी केली की बहुतेकांची सवय सुटते, वास सौम्य होतो. बोका वारंवार पेटीत जाऊन जोर करतोय, ओरडतोय आणि थेंबही येत नाही, असं दिसलं तर त्याच रात्री न्या. मूत्रमार्ग बंद झालेला बोका एक-दोन दिवसांत जाऊ शकतो.